साडेचारशेवरचं मशीन आणि माझा पंखा

शैलाच्या दुकानात मशीन उघडून परत जोडलं, की एक तरी स्क्रू उरतोच. तो ती डब्यात टाकते. किस्सेही तसेच उरतात, ते माझ्याकडे. तिचा डबा कधीच भरला, माझा अजून नाही.

शैला माझी नात. नगरला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नव्याण्णव साली सोनईत दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी दारात खुर्ची टाकून बसायची.

पहिलं गिऱ्हाईक सलीमभाई, कापडवाले. आत डोकावून म्हणाले, "मिस्त्री कुठंय, बेटा?"

"मीच."

"न्हाई, म्हंजे तुझा भाऊ वगैरे?"

मी म्हटलं, "भाऊ हाय की. पन घरातला बल्ब बदलायचा तरी शैलाला हाक मारतो."

मशीन ठेवून गेले.

*

दुकानाचं स्वतःचं मशीन होतं, त्याचा प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचा. शैलानं चिमट्यानं आतली वेग ठरवणारी नखाएवढी टोपी एका काडीवरून काढून दुसरीवर बसवली, आणि तोच साडेचारशेवर पळायला लागला. गेमसुद्धा चपळ झाला.

"नवा न घेता?"

"न्हाई, आजी. ह्यालाच दमवायचं."

दमवलं की तापणारच. हात जवळ नेला तर तव्यासारखी धग. तासाभरात मशीन बंद.

दुसऱ्या दिवशी माझा टेबलफॅन दुकानात गेला. तो उन्हाळा मी घरी पुठ्ठ्यानं वारा घेतला. कुणी विचारलं, तर ताठ मानेनं सांगायची, "आमच्या शैलाच्या मशीनला लागतो."

*

सलीमभाईंना मोटारींच्या शर्यतीचा गेम लई प्यारा. पण चार मोटारी एकत्र आल्या, की चित्र अडखळायचं. नगरच्या एका डीलरनं मोठा प्रोसेसर बसवून दिला, तरी तेच. तो म्हणाला, "आणखी मोठा टाका. आणि त्या पोरीला मशीनला हात लावू देऊ नका."

सलीमभाईंनी हे शैलाला तोंडावर सांगितलं. "रविवारपर्यंत बघ, बेटा. न्हाई जमलं तर नगरलाच नेतो."

त्यांचं मशीन गेलं असतं, तर गावातली बाकीची मशीनंही मागोमाग गेली असती. शैला जेवेना.

मी विचारलं, "पळतंय कोन?"

"प्रोसेसर."

"आन चित्र कोन काढतं?"

"कार्ड. ते जुनंच हाय."

"तुझ्या आजोबांनी घोडेगावच्या बाजारातनं तेज बैल आनला आन घरच्या म्हाताऱ्याशेजारी जुंपला. गाडी म्हाताऱ्याच्याच चालीनं चालली. नव्यानं नुसता खांदा सोलून घेतला."

"मग?"

"अर्धं ओझं उतरवलं, तवा पळाली."

शैला ताटावरून उठली. गेममधलं चित्र साधं केलं, बारकावे कमी केले. मोटारी सुसाट. म्हणजे दमत होतं ते कार्ड.

रविवारी नवं कार्ड बसलं. सलीमभाई अख्खी शर्यत न अडखळता खेळले आणि शेवटून पहिले आले. म्हणाले, "घोटाळा केला, बेटा. आता हरलो तर मशीनचं नाव सांगता येत न्हाई."

*

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, तो नगरचा डीलर आला. काखेत स्वतःचं मशीन.

"मॅडम, ह्याचं पण तसंच होतंय. जरा बघता का?"

शैलानं मान वर न करता स्टूल दाखवलं. बिचारा घामानं भिजलेला. बसल्या बसल्या त्यानं टेबलफॅन स्वतःकडे वळवला.

मी खुर्चीवरून उठले आणि पंखा परत मशीनकडे वळवला.