तबकडीनं भाजलेले तिघे

एकाहत्तरची लढाई संपली आणि पाचव्या महिन्यात माझी पोस्टिंग नगरला आली. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. माझं गाव राहात्याजवळ, म्हणजे नगर घरापासून दोन-अडीच तासांवर. इतक्या जवळची पोस्टिंग मला नोकरीत पुन्हा कधी मिळाली नाही. छावणीतली कडुनिंबाची झाडं, सकाळचा बिगुल आणि एम.आय. रूमसमोरचा, म्हणजे आमच्या दवाखान्यासमोरचा, धुतलेला ओटा आठवला की आजही बरं वाटतं. ती दोन वर्षं चांगली होती. एक दिवस सोडून.

त्या दिवसाची आठवण निघते ती नगरमधल्या आमच्या सावेडीच्या कट्ट्यावर. आम्ही सात-आठ पेन्शनर संध्याकाळी तिथे बसतो. कुणीतरी मोबाईलवर उडत्या तबकडीचा व्हिडिओ दाखवतो आणि वाद सुरू होतो. तबकडीच्या उजेडानं माणूस भाजतो का? डोळे जातात का? मी मेडिकलचा, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे बघतात. मी दरवेळी एकच सांगतो. तबकडी असते की नसते ते मला ठाऊक नाही. पण माणूस भाजून आला असेल तर आधी जखम बघायची, गोष्ट नंतर ऐकायची. हे मी पुस्तकात शिकलो नाही.

नगरजवळच्या फायरिंग रेंजवर रणगाड्यांची फायरिंग चालायची. फायरिंगच्या दिवशी नियमाप्रमाणे एक अ‍ॅम्ब्युलन्स फायरिंग पॉइंटवर उभी असे. गाडीत तिघं. कॅप्टन असलेले आमचे डॉक्टरसाहेब, मी आणि ड्रायव्हर नाईक शिवराम. साडेसहाला छावणी सोडायची, आठला पोहोचायचं, नऊला लाल निशाण वर जायचं. मग चार वाजेपर्यंत काम काही नाही. कुणाला ऊन लागायचं, कुणाचं बोट रणगाड्याच्या झाकणात सापडायचं.

शिवराम कोरडवाहू पारनेर तालुक्यातला. वय अठ्ठावीस, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. गाडीवर त्याचा जीव. टायर पुसायचा फडका वेगळा आणि काच पुसायचा वेगळा, आणि चुकून अदलाबदल केली तर हवालदाराचीसुद्धा तो गय करत नसे. एकटे असलो की मला दादा म्हणायचा.

"दादा, तुमी राहात्याची मानसं. पाटाचं पानी पिऊन अंगाला सूज आल्याली. आमच्याकडं या, आठ दिसात सडपातळ व्हता का न्हाई बघा."

मी म्हणायचो, "तुमच्याकडे पाहुणा पाणी मागायलाच घाबरतो."

तो खदाखदा हसायचा. रेंजच्या माळावर त्यानंच मला गाडी चालवायला शिकवली. क्लच सोडताना गाडीनं धक्का खाल्ला की तो स्वतःला लागल्यासारखा कळवळायचा. एवढी चेष्टा करणारा मित्र मला नंतर मिळाला नाही. मिळाला असता तरी मी त्याला ती जागा दिली नसती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. रेंजच्या कडेच्या वस्त्यांमध्ये विहिरी कोरड्या पडल्या होत्या. काही जण खडी फोडायच्या कामावर जायचे, काही जण रेंजमध्ये घुसायचे. फुटलेल्या गोळ्यांचं पितळ आणि लोखंड भंगारवाला घ्यायचा. जीव जाण्याचं काम होतं आणि गुन्हाही होता. महिन्यापूर्वीच दोघांना पोलिसांनी उचललं होतं. न फुटलेल्या गोळ्याला आम्ही ब्लाइंड म्हणतो. ब्लाइंडला हात लावायचा नाही, जागेवरच उडवायचा, हा नियम फौजेत रंगरूटालाही माहीत असतो. वस्तीला तो कोण सांगणार?

मार्च महिना. सकाळी ११:०५. फायरिंग चालू होती. पहाऱ्यावरच्या संत्रीनं तीन रुग्ण आमच्याकडे पाठवले. कोंडाबाई नावाची तिशीतली बाई, तिचा नवरा नामदेव आणि धाकटा दीर. सोबत वस्तीच्या शाळेचे गुरुजी, पांढरी टोपी, धुवट सदरा. तिघांच्या हातांना ओली फडकी गुंडाळलेली. डोळे लाल, पाणी गळत होतं. दिराला दोनदा उलटी झाली होती.

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "काय झालं?"

उत्तर गुरुजींनी दिलं. "पहाटे तांबडं फुटताना आकाशातून उडती तबकडी आली. परातीएवढी दिसत होती. पांढराशुभ्र उजेड पडला. हे तिघं अंगणात होते, भाजले."

"तुम्ही पाहिली?"

"नाही. पण वस्तीवर सगळे सांगतात."

डॉक्टरसाहेब नागपूरचे. हुशार, नवे, वाचनाचे शौकीन. परदेशी मासिकांत तबकड्यांवर जे छापून येई ते सगळं त्यांनी वाचलेलं. त्यांनी लगेच वही काढली आणि इंग्रजीत लिहिलं की रुग्णांच्या सांगण्यानुसार आकाशात अज्ञात प्रकाशमान वस्तू दिसली. मी फडकी सोडली आणि त्यांना जखमा दाखवल्या. तळहात आणि मांड्या, पिवळट फोड.

"हवालदार, तिघांची तक्रार एकच आहे," साहेब म्हणाले. "भाजणं, उलटी, डोळ्यांना पाणी. बाहेरच्या देशांतल्या साक्षीदारांनी हेच सांगितलंय."

"साहेब, भीतीनं उलटी होते, डोकं दुखतं. तिघांना एकदम होऊ शकतं. पण भीतीनं फोड येत नाहीत."

"म्हणजे काहीतरी वरून पडलं, हे तुम्हीही मानता."

"वरून पडलं असतं तर टाळू, खांदे, नाक भाजलं असतं. यांचे तळहात भाजलेत."

गुरुजी पुढे सरसावले. "उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून हात असे आडवे धरले होते." त्यांनी तळहात बाहेर करून दाखवलं.

"आणि मांड्या?"

"उकिडवे बसले होते."

शिवराम बोनेटपाशी उभा होता. तो म्हणाला, "साहेब, तबकडी गेली, पर लसनाचा वास मागं ठिवून गेली व्हय?"

वास मलाही येत होता.

"न्याहारीला लसणाची चटणी होती," गुरुजी म्हणाले.

साहेब हसले. मीही हसलो. गुरुजींकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं आणि त्यांच्याशी वाद घालायला मला मजा येऊ लागली होती. हे मी इथे कबूल करतो. लढाईत मी गोळीच्या जखमा पाहिल्या होत्या, सुरुंगाच्या पाहिल्या होत्या. ही जखम फक्त ट्रेनिंगमध्ये फळ्यावर पाहिलेली. लसणाचा वास म्हणजे काय, ते त्या फळ्यावर लिहिलेलं होतं. मला आठवलं नाही. आम्ही किरणांवर बोललो, उष्णतेवर बोललो, मनाच्या धक्क्यावर बोललो. कोंडाबाई पायरीवर हात पसरून बसली होती. सगळा वेळ ती वस्तीच्या दिशेनं बघत होती.

वीस-बावीस मिनिटं गेली. ऊन तापलं होतं, जखमा उघड्या होत्या आणि वाळत चालल्या होत्या.

११:३५ ला कोंडाबाईच्या तळहातातून धूर निघाला.

बारीक, पांढरा, उदबत्तीएवढा. ती किंचाळली नाही. तिनं हात मातीत खुपसला, सकाळपासून हेच करत असल्यासारखं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फॉस्फरस. धुराच्या गोळ्यात भरलेला असतो, वास लसणाचा. ओला आहे तोवर गप्प बसतो, वाळला की पेट घेतो.

"साहेब, डब्ल्यू.पी.! व्हाइट फॉस्फरस!"

"पाणी!" साहेबांनी वही फेकली.

आम्ही तिघांचे हात पाण्यात बुडवले. पेटीत मोरचुदाच्या पाण्याची बाटली होती. तेच मोरचूद, जे आमच्याकडे बागांवर फवारतात. त्यानं जखम धुतली की फॉस्फरसचे कण काळे पडतात आणि चिमट्यानं वेचता येतात. मी वेचू लागलो. आता वाद घालायला कुणी उरलं नव्हतं. गुरुजी खाली मान घालून उभे होते.

शिवराम कोंडाबाईसमोर उकिडवा बसला.

"अक्का, गोळा फोडत हुता ना?"

तिनं मान वस्तीकडे वळवली.

"मी बी हिकडचाच हाय, पारनेरचा. पोलिसाचं मी बघतो. आजून काय हाय का घरात, तेवढं सांग."

"बोलू नगंस," नामदेव म्हणाला.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मग शिवरामकडे. "दोन हुते. एक छिन्नीनं फोडाया गेलो, त्येच्यातून धूर आला. दुसरा मोठा हाय, आक्खा. दोनी कडब्याच्या गंजीत घातल्यात. सासू घरात हाय. तिला उठता येत न्हाई."

फुटलेला फॉस्फरसचा गोळा वाळलेल्या कडब्यात, शेजारी ब्लाइंड, वर मार्चचं ऊन. काय होणार ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

साहेबांनी वायरलेसवर मेसेज दिला. "वस्तीत ब्लाइंड आहे. फायरिंग थांबवा. डिमोलिशन पार्टी पाठवा. अ‍ॅम्ब्युलन्स पुढे जाते आहे. ओव्हर." आम्हाला म्हणाले, "माणसं बाहेर काढा. गोळ्याला हात लावायचा नाही. मी रुग्णांजवळ थांबतो."

११:५० ला निघालो. तीन किलोमीटर, वाट दगडांची. धक्के बसले तरी शिवरामनं वेग कमी केला नाही. १२:०२ ला पोहोचलो. गंजीतून धूर येत होता. पाच-सहा माणसं तिच्यावर माती टाकत होती, पाणी कुठून आणणार? शिवरामनं गाडी उतारावर उभी केली आणि ओरडला, "गंजीपासून लांब व्हा! वढ्यात पळा!"

त्याच्या बोलीत ओरडला म्हणून लोक पळाले. मी ओरडलो असतो तर दोन प्रश्न विचारले असते.

मी लोकांना ओढ्यात, दगडी बांधाखाली बसवत होतो. शिवराम घरात शिरला. घराची भिंत गंजीला लागून. गंजीनं आता जाळ धरला होता. तो म्हातारीला दोन्ही हातांवर घेऊन आला. बांध पुरुषभर उंच. त्यानं तिला वरून माझ्या हातात सोडलं. मी तिला धरलं आणि खाली बसलो. तो उडी मारायला वाकला.

१२:१०. गोळा फुटला.

तो माझ्या अंगावर पडला. डाव्या काखेखाली छर्रा घुसला होता. मी हातानं दाबून धरलं, पट्टी दिली, वर पट्टी दिली. रक्त थांबेना. तो शुद्धीवर होता.

"म्हातारी?"

"चांगली आहे."

"दादा, गाडी उतारावर हाय. हँडब्रेक बगा."

"बघतो."

१२:२२ ला तो गेला. हँडब्रेक ओढलेलाच होता. मी मग बराच वेळ गाडीच्या पायरीवर बसून रडलो. हवालदारानं जवानांसमोर रडू नये म्हणतात. ब्लाइंड उडवणारी डिमोलिशन पार्टी आली तरी मी तिथेच होतो.

वादात गेलेली ती वीस मिनिटं मी कुणाच्याही नावावर टाकलेली नाहीत. ती माझी आहेत. जखम ११:१० ला ओळखली असती तर गंजी पेटायच्या आत आम्ही पोहोचलो असतो.

दहा दिवसांनी फौजेची चौकशी, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, बसली. प्रश्न सरळ होता. फायरिंगच्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्सनं पॉइंट का सोडला? साहेबांच्या वहीत तबकडीची नोंद होती, त्यांच्याच अक्षरात, वर वेळ घातलेली. वस्तीतल्या सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की तबकडी आली, तिच्याच आगीनं गंजी पेटली, गोळ्याचं आम्हाला काही माहीत नाही. गुरुजींनीही तेच सांगितलं. पोलिसांची भीती होती, मी त्यांना दोष देत नाही. साहेबांनी आणि मी खरं ते सांगितलं. पण कागदावर आमच्याविरुद्ध आमचीच वही होती. चौकशीचे प्रमुख मेजरसाहेब म्हणाले, "एका अफवेवर गाडी नेली, असंच दिसतं." तसं ठरलं असतं तर शिवरामचा मृत्यू कर्तव्यावरचा धरला गेला नसता. पारनेरला त्याच्या आईला मी काय सांगणार होतो?

चौकशीच्या तिसऱ्या दिवशी कोंडाबाई छावणीच्या गेटवर आली. पायी. मागे मान खाली घालून नामदेव. हातांना मीच बांधलेल्या पट्ट्या.

ती मेजरसाहेबांसमोर उभी राहिली. "तबकडी-बिबकडी काय न्हाई. गोळं आमीच आनलं. त्या डायवरनं इचारलं, मी सांगितलं, मंग त्यो गाडी घिऊन गेला."

"बाई, याला शिक्षा आहे. माहीत आहे?"

"व्हय. ल्ह्या."

क्लार्कनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "माझी सासू घरात होती. तिला आणण्यासाठी एक जवान आत गेला."

"एक जवान न्हाई," ती म्हणाली. "नाव घाला."

क्लार्कनं पेन वर उचललं. ती माझ्याकडे वळली. तिला नाव ठाऊक नव्हतं. त्यानं तिला अक्का म्हटलं होतं, तिनं त्याला काहीच म्हटलं नव्हतं.

"काय नाव त्येचं?"

मी सांगितलं.

तिनं ते नाव स्वतः एकदा उच्चारलं आणि क्लार्कला म्हणाली, "शिवराम. आता ल्ह्या."

जबानीवर अंगठा घ्यायचा होता. मी पट्ट्या सोडल्या. दोन्ही अंगठ्यांची कातडी गेलेली. शाई लावली, कागदावर दाबला. नुसता काळा डाग आला, रेघ एकही नाही. मेजरसाहेबांनी कागद उजेडाकडे धरून तो डाग पाहिला. मग म्हणाले, "चालेल. अफवा नव्हती. हवालदार, साक्षीदार म्हणून सही करा."

मी त्या डागाशेजारी सही केली.