नियमाच्या शेपटीला एक अक्षर

चाळणीकाकांच्या नियमाला मी एक अक्षर जोडलं, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. काका जेवायला गेले होते. ऑफिसात येणाऱ्या मेलमधून फालतू मेल वेगळे काढायचं काम त्यांचं. एकवीस वर्षं तेच केल्यामुळे खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलेलं. एकाच ओळीत 'शेवटची' आणि तिच्यापुढे 'संधी' दिसली की मेल थेट कचऱ्यात, असा त्यांचा एक नियम. पण जाहिरातवाले बेरके; ते हे दोन शब्द दोन ओळींत टाकू लागले. नियमाच्या शेवटी इंग्रजी 'एस' लावला की तो ओळीची वेस ओलांडून अख्खं पत्र धुंडाळतो, हे मला काकांनीच शिकवलेलं. लावला. जाहिराती बंद. मी दिवसभर मिशीला पीळ देत हिंडलो, मिशी नसताना.

काकांचं आणि धाकट्या बहिणीचं बोलणं नऊ वर्षं बंद. आईची खबर ती मेलनं कळवायची, तीही ऑफिसच्या पत्त्यावर, काकूंच्या हाती पडू नये म्हणून.

दर शुक्रवारी काका तो कचरा हातानं उपसत. "एखादा साधा माणूस चुकून आत गेलेला असतो रे." त्या शुक्रवारी त्यांचा हात थांबला. मी मागून वाचलं. पहिल्या ओळीत 'आईची शेवटची घटका आहे'. मग डॉक्टर काय म्हणाले, त्याच्या दहा ओळी. सगळ्यात खाली 'भेटायची संधी पुन्हा नाही, ये.' पत्र मंगळवारचं.

काका फोन घेऊन जिन्यात गेले. पाच मिनिटांत परत आले, खुर्ची पुढे ओढली.

"काल सकाळी गेली."

"आणि तुमची बहीण?"

"म्हणाली, तू मुद्दाम आला नाहीस."

मग त्यांनी कचऱ्यातली आणखी दोन पत्रं सोडवली. एक दाखला मागणाऱ्या बाईचं, एक कागद पुरवणाऱ्याचं. दोघांना 'उशीर झाला, क्षमस्व' असंही कळवलं. चेहरा रोजचाच. मला तो बघवेना.

"काका, तो एस मी लावला होता. दोन शिव्या तरी द्या."

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"नियम बरोबर होता."