रिकामा खिळा

दुष्काळाचं वर्ष होतं. सोनईजवळच्या आमच्या गावात मिस्साची प्रार्थना करायला आलेल्या फादरांनी एका संताची गोष्ट सांगितली. तो आधी सैनिक होता. लढाईत पाय मोडून अंथरुणात पडला. घरात दुसरं पुस्तक नव्हतं म्हणून नाइलाजानं जुन्या संतांची चरित्रं वाचू लागला आणि त्याला वाटलं, यांना जमलं तर मला का नाही?

खडी फोडून थेट प्रार्थनेला आलेली माझी आई तशीच झपाझप घराकडं निघाली. घरात पाऊल टाकताच तिनं मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेत घेतलेल्या संतांच्या तसबिरी उतरवल्या. सैनिकानं ज्यांचं वाचलं त्यांतले दोघं तिच्याकडं होते; त्यांना तिनं वर लावलं आणि सैनिकाला त्यांच्या खाली.

"चेला गुरूच्या वर कसा बसंल?" ती फणकारली. मग सैनिकाच्याही खाली तिनं एक खिळा ठोकला आणि रिकामाच ठेवला.

"हितं कोन लावायचं?" मी विचारलं.

"ह्याच्याकडं बघून पुढं कुनीतरी व्हईलच की," उद्याच्या भाकरीचं बोलावं तशी ती बोलली आणि चुलीकडं वळली.

मी त्या खिळ्यासमोर उभी राहिले. चर्चमध्येही कधी आला नव्हता असा काटा अंगावर आला. खिळा बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीवर होता.