सदतीस नंबरची हजेरी

या सदरातले अनुभव मी दुपारी वाचते, अव्वाचा डोळा लागला की. आणि खरं सांगते, वाचता वाचता मनातल्या मनात तुमची उलटतपासणी घेत असते. उजेड होता का? साक्षीदार कोण? आदल्या रात्री झोप झाली होती का?... पेशाच तो. जिल्हा कोर्टात वकिली करण्यात आयुष्य गेलंय माझं. भूतखेत, अंगात येणं, असलं सगळं मी ऐकीव पुरावा म्हणून बाजूला सारत आले. आज मीच पिंजऱ्यात उभी आहे. हसलात तरी चालेल, वाईट वाटून घ्यायचीही ताकद उरलेली नाही आता.

घर सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या आतल्या गल्लीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं नळ. घरात मी आणि अव्वा, म्हणजे माझी आई. आम्ही मराठी-कन्नड खिचडी बोलतो. अव्वाला विस्मरणाचा आजार आहे. मी कोण, हे ती विसरून वर्ष उलटून गेलं. मला ती कामाला ठेवलेली बाई समजते. "बाई, तुमी जावा की आता घरला," असं रोज संध्याकाळी सांगते. जाऊ कुठं?

मला विसरली, शिवूला नाही. शिवू माझा थोरला भाऊ. लॉ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. दुपारी कॉलेजातून जेवायला घरी येताना ट्रकनं उडवलं त्याला. अव्वानं त्याचं ताट झाकून ठेवलं होतं. किती वर्षं झाली ते मोजायचं मी सोडून दिलंय... पण अव्वा आजारात नेमकी त्याच दुपारी जाऊन बसलीय. समोर ताट ठेवलं की म्हणणार, "शिवू बंदिल्ला. त्यो आला न्हाय अजून. त्यो आल्यावर खाते." आणि तोंड घट्ट मिटून घेणार.

एकदा न राहवून सांगितलं, अव्वा, शिवू गेला गं. आज पहिल्यांदाच कळल्यासारखी ऊर बडवून रडली. थोड्या वेळानं डोळे पुसले आणि विचारलं, "शिवू आला का?" त्यानंतर मी नाही कधी सांगितलं.

या मे महिन्यात तर दोन घास पोटात जायची मारामार. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी घातली की ती उपटणार, मग हात बांधावे लागणार. ओळखीच्या एका घरात मी ते बघितलंय. माझ्या अव्वाचे हात मी बांधायचे? त्या विचारानं माझंही जेवण सुटलं. उभ्याउभ्या चहा आणि खारी, बास.

आता मालिकेचं सांगते. आमच्या लहानपणी टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची, लॉ कॉलेजच्या पोरांची. वर्ग, कँटीन, होस्टेल, आणि एक खडूस प्रोफेसर. शिवू त्या मालिकेपायी लॉला गेला. आणि मी... मी शिवूपायी गेले. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून तिचे भाग नेटवर टाकलेत. तिच्यापायी दुपारी मी कोर्टात जात नाही, तेव्हा अव्वाला गुंतवायला म्हणून मी ते टीव्हीवर लावायला लागले.

आता बघताना हसू येतं हो. भिंती पुठ्ठ्याच्या, खिडकीबाहेरचं झाड बारा महिने तेच. आणि एका भागात खटला उभा राहून निकालसुद्धा लागतो! माझ्याकडे वाटणीचा एक दावा आहे, त्यातले मूळ वादी वारले, आता नातवंडं तारखांना येतात. ती मालिका बघून आपण या धंद्यात पडलो, यावर हसावं की रडावं कळेना.

त्या प्रोफेसरची एक लकब होती. प्रत्येक भागात आधी हजेरी घ्यायचा. सदतीस नंबरचा पोरगा कधीच यायचा नाही. "रोल नंबर थर्टी सेव्हन..." म्हणून थांबायचा, चष्म्यावरून बघायचा आणि "ॲबसेंट" म्हणून पुढं जायचा. शेवटपर्यंत तो पोरगा दाखवलाच नाही. आमचा शिवू मात्र त्या थांबण्यात न चुकता प्रॉक्सी मारायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ताट घेऊन बसलेला असायचा, तोंडात भाकरीचा घास, आणि तिथूनच "प्रेझेंट सर!" अव्वा ओरडायची, "घास गिळ की आदी, मुडद्या!" आणि आणखी एक भाकरी त्याच्या ताटात टाकायची.

म्हणून मलाही वाटलं, बघू करून. एका दुपारी प्रोफेसर थांबला तेव्हा मी मागनं जाड आवाज काढून म्हटलं, "प्रेझेंट सर." अव्वानं मान वळवली. असं बघितलं ना माझ्याकडं... "लाज न्हाय वाटत व्हय बाई? माझ्या पोराची चेष्टा करताय?" आणि ताट भिरकावलं. शेंगाचटणी पार भिंतीपर्यंत उडाली. मी ती पुसत बसले आणि रडले. वकील आहे मी, पन्नाशी ओलांडलेली. पण रडले.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी झालं ते. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, सोलापूरकरांना ते सांगायला नको. आलं की सगळी गल्ली हातातलं टाकून धावते. त्या दिवशी भर दुपारी आलं. मी अव्वापुढं ताट ठेवलं, दुधात कुस्करलेली भाकरी, टीव्ही लावून दिला आणि मागं भांडी भरायला पळाले. शेजारच्या शबानाभाभी त्यांच्या दारात पाइप घेऊन उभ्या होत्या. भरून झालं, मी पदराला हात पुसत आत आले. टीव्हीवर हजेरी चालू होती.

"रोल नंबर थर्टी सेव्हन..."

प्रोफेसर थांबला.

"प्रेझेंट सर!"

टीव्हीतून नाही. टीव्ही समोर होता, आवाज माझ्या उजव्या हाताकडून आला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडून. तोंडात घास असल्यासारखा, थोडा बोबडा. तिथं कुणी नव्हतं. भिंतीला टेकून मी खाली बसले.

अव्वा टीव्हीकडं बघतच नव्हती. ती उंबऱ्याकडं बघत होती, आणि हसत होती. "बंदा... आला बघ," म्हणाली. मग आवाज चढवून, "घास गिळ की आदी, मुडद्या!" आणि स्वतःच्या हातानं भाकरी खायला लागली. एक घास, दुसरा घास. सगळं संपवलं. ताटाला बोटं लावून चाटली.

तेवढ्यात शबानाभाभी दारात. "दीदी, कौन आया बोलके देखने आई मैं. अंदरसे मर्द की आवाज आई ना? सर-सर करके बोला कोई?" भाभी लग्न होऊन या गल्लीत आल्या त्याच्या कितीतरी आधी शिवू गेलेला. प्रॉक्सीचं त्यांना मी कधी सांगितलेलं नाही. मी म्हटलं, टीव्ही होता भाभी. त्या मान हलवत गेल्या.

मी अव्वाचं तोंड पुसायला वाकले. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "गुब्बी जेवली न्हाय म्हनतोय त्यो. सकाळपासनं उपाशी हाय म्हनतोय. खरं का गं?"

गुब्बी म्हणजे कन्नडमध्ये चिमणी. मला या जगात त्या नावानं एकच माणूस हाक मारायचा. अव्वासुद्धा नाही मारायची, तिला ते नाव आवडायचं नाही. आणि खरंच, सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी म्हटलं, नाही जेवले अव्वा. "मग बस की हितं," म्हणाली. मी बसले. रडत रडत जेवले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. संध्याकाळी पुन्हा मी बाई झाले... "जावा की आता घरला."

तो भाग मी नंतर हेडफोन लावून कितीदा ऐकला. "थर्टी सेव्हन" नंतर नुसती शांतता, पंख्याची घरघर, मग "ॲबसेंट." दुसऱ्या घरातला टीव्ही? पाण्याच्या दिवशी टीव्ही बघायला कुणाला फुरसत असते? माझा थकवा म्हणाल, तर शबानाभाभी थकलेल्या नव्हत्या. अव्वाला जुनं आठवलं म्हणाल, तेही एक वेळ मान्य. पण मग मी काय ऐकलं? कोर्टात असती तर ही केस मीच हरले असते.

तो आवाज पुन्हा आलेला नाही. पण अव्वा जेवते. शिवू कुठंय, असं आता विचारत नाही. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलेलं नाही. मी रोज दुपारी मालिका लावते आणि दोन ताटं वाढते, एक तिचं, एक माझं. भूक असो नसो, उंबऱ्याशी बसून सगळं संपवते. कारण पुन्हा कधी त्यानं विचारलंच, तर अव्वाला सांगता आलं पाहिजे... गुब्बी जेवली म्हणून.