दीड इंच माया

त्या गल्लीत तिला सगळे मास्तर म्हणत. शाळेत ती सातवीपर्यंतच गेली होती. पण कापड बेतून देणाऱ्या माणसाला मास्तर म्हणायचं एवढं गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, आणि माणूस बाई आहे म्हणून शब्द बदलायचं कुणाला सुचलं नाही. तिलाही ते बरंच वाटे. "निदान कुणाची तरी बायको म्हणून हाक मारत नाहीत," ती म्हणे. लग्न एकदा झालं होतं. त्याबद्दल कुणी विचारलंच तर सुईवरची नजर न काढता ती सांगे, "टीप वाकडी गेली होती. उसवून टाकली."

दुकान म्हणजे एक खोली. दाराशी उजेडात मशीन, मागे बेतायचं लांब टेबल, त्याखाली चिंध्यांची टोपली. भिंतीला खिळ्यांवर कागदी नमुने टांगलेले, बिनडोक्याच्या माणसांची रांग उभी असावी तसे. टेबलाची एक कड कात्री घासून घासून खोलगट झाली होती. कोपर तिथं बरोबर बसे.

चौदाव्या वर्षी ती तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली आणि सहा वर्षांत कापायच्या टेबलापर्यंत पोचली. तिथं नियम होता, शिलाईच्या आत पाव इंचापेक्षा जास्त कापड सोडायचं नाही. ती सोडायची. खडूच्या रेघेबाहेरून कात्री चालवायची. मुकादमाने एकदा कपडा उलटा करून पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कापड काय तुझ्या बापाचं आहे?" ती म्हणाली, "नाही. पण अंग गिऱ्हाइकाचं आहे, आणि ते वाढतं." त्याच दिवशी ती कात्री घेऊन बाहेर पडली. कात्री तिची स्वतःची होती, हे तिला फाटकावर दोनदा सांगावं लागलं.

धाकटा भाऊ आणि भावजय, दोघं बाटल्यांच्या कारखान्यात. त्यांची मुलगी तिसरीत. शाळा सुटली की ती थेट दुकानात येई आणि आईबाप येईपर्यंत तिथंच असे. एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं, म्हणून आत्याने तिचं नाव बॉबिन ठेवलं होतं, मशीनच्या पोटात सतत गरगरणाऱ्या दोऱ्याच्या रिळावरून.

त्या वर्षी शाळेने एक नवं काढलं होतं. दर शुक्रवारी एक छापील कागद घरी यायचा, वर लिहिलेलं असे 'घरच्यांसोबत'. सोमवारी तो भरून द्यायचा. कधी घरातल्या खिडक्या मोजा, कधी आजोबा लहानपणी काय खेळायचे ते विचारा. खाली घरच्यांची सही, आणि घरच्यांच्या अभिप्रायासाठी ठिपक्यांच्या दोन ओळी. घरी कुणाला वेळ नसे, त्यामुळे बॉबिनची घरची माणसं म्हणजे आत्या. ती सही करी. अभिप्राय कोरा ठेवी. "मला काय वाटतं ते त्यांना कशाला," म्हणे.

सहाव्या आठवड्याचा कागद असा होता: घरातल्या मोठ्या माणसाकडून त्याच्या कामातला एक शब्द शिका. अर्थ लिहा. वाक्यात उपयोग करा.

"सांग," बॉबिन म्हणाली.

"कात्री."

"कात्री सगळ्यांना येते गं. अवघड सांग."

आत्याने हातातला सदरा उलटा केला. शिवणीच्या आतली जादा पट्टी दोन बोटांत धरली. "ही. हिला माया म्हणतात. अंग भरलं की उसवायचं आणि ही बाहेर सोडायची. नसली तर कपडा गेला."

बॉबिनने जीभ बाहेर काढून लिहिलं. माया – शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. वाक्य – आत्याने माझ्या फ्रॉकला दीड इंच माया ठेवली.

बुधवारी कागद परत आला. उत्तरावर लाल फुली होती आणि बाजूला बाईंच्या सुंदर अक्षरात शेरा: माया म्हणजे प्रेम. माया इंचात मोजत नाहीत. त्याखाली: पाच वेळा लिहून आण.

बॉबिन वही काढून एका जागी बसली. हे नवीनच होतं. आत्याने पाय मशीनवरून काढले, चष्मा कपाळावर सरकवला, कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"लिहायचं नाही."

"बाईंनी सांगितलंय."

"मी पण सांगितलं होतं."

"पण बाई चुकतात का?"

"मी चुकते. परवा त्या डॉक्टरीणबाईंच्या कोटाला बाही उलटी लावली. बाई काय वेगळ्या कापडाच्या आहेत?"

बॉबिनला ते पटलं नाही. वहीचं पान तिने उघडंच ठेवलं. आत्याला राग आला तो त्या उघड्या पानाचा. सकाळपर्यंत पोर जे काही त्या पानावर लिहील, ते तिच्यापाशी राहणार होतं. आत्याकडून शिकलेलं खोटं आणि बाईंकडून शिकलेलं खरं, अशी वाटणी एकदा झाली की ही मुलगी या खोलीत नुसती बसायला येईल, विचारायला येणार नाही.

संध्याकाळी भाऊ आला. त्याने कागद पाहिला आणि चेहऱ्यावर ती जुनी काळजी आणली. मुकादमाचं ऐकल्यावर आणली होती तीच.

"ताई, जाऊ दे ना. पोरीला अजून दोन वर्षं तिथं काढायचीत."

"म्हणून आत्तापासून मान खाली घालायची?"

"मान कुठं? पाच ओळी लिहायच्यात."

"तेच ते."

"आणि अर्थ तर बरोबरच आहे की. माया म्हणजे प्रेमच."

"असेल. पण कागदावर काय विचारलंय ते वाच. कामातला शब्द. मोठ्या माणसाचा. मी मोठी नाही, की काम करत नाही, एवढं सांग, मग लिहू दे तिला शंभर वेळा."

भावाने मुलीचं दप्तर उचललं. जाताना म्हणाला, "तुझ्याशी बोलणं म्हणजे डोकं फोडून घेणं आहे." पण वहीतल्या पाच ओळी लिहूनच टाक, असंही तो मुलीला म्हणाला नाही.

गुरुवारी सकाळी आत्याने दुकान उघडलं नाही. गळ्यातला टेप काढायचा राहिला होता, तशीच ती बॉबिनचा हात धरून शाळेत गेली. शिपायाने दारात विचारलं, "कोण?"

"आमच्या मास्तर," बॉबिन म्हणाली.

शिपायाने अदबीने शिक्षकांच्या खोलीचं दार उघडून दिलं आणि खुर्चीसुद्धा पुढे केली. ती बसली नाही.

बाई तरुण होत्या, दमलेल्या. समोर बेचाळीस कागदांचा गठ्ठा. आत्याने फुलीवर बोट ठेवलं. बाईंनी वाचलं, कपाळाला आठी घातली, मग ती आठी हळूहळू उलगडली.

"म्हणजे शिवणकामात खरंच असं म्हणतात?"

"इकडे ये गं," आत्या म्हणाली. तिने बॉबिनच्या गणवेशाची बाजूची शिवण उलटी केली. बाहेरच्या बाजूला विटक्या निळ्यात दोन गडद पट्टे होते. "पहिलीतला फ्रॉक आहे. हे दोन पट्टे दिसतात ना, यांना ऊन लागलेलं नाही. दर वर्षी अर्धा इंच बाहेर सोडला. अजून अर्धा आत आहे. दीड होते. मोजूनच ठेवते मी."

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, किती गोड आहे हे. म्हणजे ते प्रेमच झालं की. वाढीसाठी प्रेमाने सोडलेली जागा. पालकसभेत तुम्ही यावर बोला ना."

"नाही."

"का?"

"कारण ते प्रेम नाही, कापड आहे. समोरच्या घरातली बाई गेली आठ वर्षं माझ्याशी बोलत नाही. तिच्याही कपड्याला मी दीड इंच सोडते. प्रेमावर ठेवलं असतं तर गल्लीतले निम्मे लोक उघडे फिरले असते."

खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी शिक्षक चहा पिता पिता खोकला.

बाईंनी पेन उचललं. "बरं. मी दोन्ही अर्थ बरोबर धरते. पाच वेळा लिहायला नको."

"आणि फुली?"

"फुली राहू दे हो. दिलेला शेरा खोडत नाहीत. आज तुमचा खोडला तर उद्या सगळे पालक दारात उभे राहतील."

"राहू देत. दर शुक्रवारी घरी कागद पाठवून बोलावतं कोण? आम्ही सांगायचं, आणि आम्ही सांगितलेलं तुम्ही पुस्तकात शोधायचं. सापडलं नाही की फुली. मग आम्हाला विचारूच नका. खिडक्या मोजायला लावा, त्या सगळ्यांकडे सारख्याच असतात."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. पेन त्यांनी खाली ठेवलं. फुली खोडली नाही.

आत्याने ते पेन उचललं. लालच होतं. कागदाच्या तळाशी ठिपक्यांच्या दोन ओळींवर, सहा आठवड्यांत पहिल्यांदा, तिने लिहिलं. अक्षर मोठं आणि तिरकं आलं: शिक्षकांना हा शब्द येत नाही. शिकायचा असल्यास दुकानात यावे.

मग पेन टोपण लावून परत ठेवलं आणि कागद बॉबिनच्या हातात दिला. "मी माझं लिहिलं. हा दे, नाहीतर फाड. तुझा अभ्यास आहे."

घंटा झाली. बॉबिन दोघींकडे आळीपाळीने पाहत उभी राहिली. मग खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, उभ्याउभ्याच, पेन्सिलीने ती भराभरा लिहू लागली. नको म्हटलेल्या पाच ओळी तिने लिहिल्या. पाचही वेळा एकच: माया इंचात मोजतात. माया इंचात मोजतात. शेवटच्या ओळीला जागा कमी पडली म्हणून अक्षरं बारीक केली. कागद तिने बाईंच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवला आणि वर्गाकडे पळाली.

आत्या परत येऊन मशीनवर बसली. दिवसभर तिची टीप सरळ गेली नाही. दोनदा उसवावी लागली.

कागद सोमवारी परत आला. भाऊ कामावरून येऊन दारातच थांबला, चपलासुद्धा काढल्या नाहीत. त्याने कागद उजेडात धरला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. पाच ओळींवर फुली नव्हती. बरोबरची खूणही नव्हती. आत्याच्या अभिप्रायाखाली एक लाल ठिपका होता, पेन टेकवून उचलल्यासारखा.

"म्हणजे काय समजायचं? बरोबर की चूक?"

"बाईंचं अजून ठरत नाहीये," बॉबिन म्हणाली आणि टोपलीतून एक चिंधी काढून आत्यासमोर धरली. "याच्या कडेला जे सुटतंय, त्याला काय म्हणतात?"