लोखंडाला कसलं भय

शेवंती गेली तेव्हा मी पेजेचा डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभा होतो. नर्सबाईने डबा माझ्या हातातून काढून घेतला, तेव्हाच कळलं. बेचाळीस वर्षांचा संसार... तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. लोक येतात, म्हणतात, बाई देवमाणूस होती. देवमाणूस वगैरे काही नव्हती. तोंडाने फटकळ, मिठाला हात सैल, आणि खोटं तिला खपत नसे. त्याचंच सांगतो.

मी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचो. माझा बाप म्हापशाच्या बाजारातून परतताना बैलगाडीत खुशाल झोपायचा, बैल त्याला बरोबर पेडण्यातल्या आमच्या अंगणात आणून सोडायचे. तेच माझ्या डोक्यात. फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या आणि वर म्हणायचं, माझ्या गाडीला वाट पाठ आहे. एका दुपारी पाचव्या फेरीला मी उघड्या डोळ्यांनी झोपलो आणि ट्रक काजूच्या बागेत घातला. मेलं कोणी नाही. मालकाला सांगितलं, ब्रेक लागला नाही. त्याने मेकॅनिक बाबलोला घरी बसवलं. रात्रीच्या जेवणाला शेवंतीला खरं सांगितलं, तर ती हात धुऊन उठलीच. "बैलाक आपल्या जिवाचा भय आसता. लोखंडाक कसला भय? चल." मालकाच्या दारात नेऊन उभं केलं मला. बाबलो कामावर परतला, मी महिनाभर घरी बसलो. हे पोरीला कधी सांगायचं नाही, एवढं मात्र मी शेवंतीकडून कबूल करून घेतलं.

आमची पोर, स्नेहल, पुढे वैमानिक झाली. मी गावभर छाती काढून फिरलो. गेल्या वर्षी ती घरी आली आणि ताटावर नुसती बसून राहिली. चार दिवस पहाटेची ड्यूटी, आणि त्या दिवशीचं ते चौथं उतरणं. विमान मशीनच खाली आणत होतं. वेगही तेच सांभाळतंय असं ती धरून बसली, आणि मशीन त्या कामावर नव्हतंच. वेग नको तितका उतरत चालला. "आकडा समोर दिसत होता बाबा, पण कळत नव्हता." बाजूच्या कप्तानाने हाक मारली, विमान परत वर घेतलं, दुसऱ्या खेपेला नीट उतरवलं. माणसं आपापल्या बॅगा घेऊन घरी गेली. आता तिला झालेलं लिहून द्यायचं होतं. थकले होते म्हणून लिहिलं तर उद्या विमानात कोण बसवणार, म्हणून ती वाऱ्याचा झोत लिहिणार होती.

शेवंती बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "वाऱ्यान तुजा काय केल्यान गो?"

"आई, तुला त्यातलं नाही कळायचं."

"विमानातला कळणा नाय. खोट्यातला कळता. बापाशीक विचार, ब्रेकान काय केल्यान."

मला मग सांगावंच लागलं, बाबलोसकट सगळं. स्नेहलला हसू आलं. "म्हणजे हे आपल्या घराण्यातच आहे."

"झोप घराण्यात आसूंदे," शेवंती म्हणाली. "खोटा नको."

पोरीने खरं लिहिलं. कंपनीने काही आठवडे खाली बसवली, नव्याने शिकवलं आणि परत उडायला घेतली.

परवा तिचा फोन आला. "बाबा, आज थकलेय म्हणून कळवलं. उडत नाही. घरी येते." हे म्हणायचा हक्क तिला आधीही होता, जीभ उचलत नव्हती. आली ती आईच्या खाटेवर आडवी झाली ती झालीच. सकाळी उजाडलं, पाववाल्या पोदेराची वेळ झाली. त्याचा भोंगा आमच्या खिडकीखालीच वाजतो. मी उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि लांबूनच हात केला.

त्याने भोंग्यावरचा हात काढला, सायकल थांबवली. "बाय निजलीय?" हळूच विचारलं त्याने. मी मान हलवली. पाव देता देता म्हणाला, "तुम्ही फेऱ्या मारून निजलात की वहिनी अशीच इथे येऊन उभी राहायची. माझ्या बापाच्या वेळेपासून."

मला हे ठाऊकच नव्हतं. असणार कसं, मी झोपलेलो... पाव घेऊन आत आलो. स्नेहल अजून घोरत होती. दार लोटून घेतलं आणि चहाचं आधण मुद्दाम उशिराने ठेवलं.