कालव्याच्या सर्व्हेत भेटलेली माणसं

एका सर्व्हेत किती किस्से साठावेत! पन्नासच्या दशकात मी कानिटकरसरांच्या हाताखाली इन्व्हेस्टिगेटर होतो. कालव्याच्या पाण्यानं शेतीचं अर्थकारण कसं बदललं, हा आमचा विषय. बारामती-इंदापूर भाग आम्ही सायकलींवरून पालथा घातला. आकडे रिपोर्टात गेले, माणसं मात्र आमच्याकडंच राहिली.

काटेवाडीच्या तात्यांना सरांनी विचारलं, "कालव्यानं काय आणलं?"

"ऊस आणला."

सर लिहू लागले. तात्या म्हणाले, "आन् हिवताप. थोरला माजा त्यातच गेला. दोन्ही लिवा!"

*

त्याच गावात दोन भाऊ. वाटणीवरून अबोला धरलेला. थोरला तापानं अंथरुणाला खिळला आणि नेमकी त्याची पाण्याची पाळी आली. आम्ही बघतो तर धाकटा खोरं घेऊन थोरल्याच्या उसाला पाणी देतोय!

मी म्हटलं, "बोलणं सुरू झालं वाटतं?"

"न्हाय," तो म्हणाला. "भांडान भावाशी हाय. उसानं काय केलंय?"

*

भिगवणचा भाग तेव्हा कोरडा ठणठणीत. तिथल्या स्टेशनावरच्या चहावाल्यानं विचारलं, "कसला सर्व्हे?"

"पाण्याचा."

"मंग हितं कशापायी उतरलाय?"

*

बारामतीजवळ अनुसयाबाईंचं रान होतं. कालव्याच्या पाझरानं ते खारावलं. वर पांढरं मीठ फुटलेलं, गवतसुद्धा उगवत नव्हतं. सर मला म्हणाले, "पडीक लिही."

बाईंनी ऐकलं. "पडीक कसं, सायेब? रोज जाती की मी तितं."

"कशाला?"

"बघायला."

सरांनी चष्मा काढून पुसला. मी 'पडीक'च लिहिलं. दुसरा रकानाच नव्हता.

*

इंदापूरच्या कोरड्या बाजूला एका गावात आबा भेटले. कालवा तिथवर पोचलेला नव्हता. विहीर आटलेली, बायका लांबून हंडे आणत होत्या.

सरांचा ठरलेला प्रश्न: "आबा, उद्या इथं पाणी आलं, तर पहिल्यांदा काय कराल?"

मी पेन उघडून तयार. ऊस, गहू, की फळबाग?

आबांनी वाटेकडं बघितलं. "लेकीला आणीन."

"शेतात मदतीला?"

"न्हाय वो. उन्हाळ्यात म्हायेराला येती, आन् आल्याआल्या हंडा उचलती. तितंबी हंडा, हितंबी हंडा. एकदा नुस्ती बसायला येऊ दे!"